औषधाचा टिकाऊपणा कोण तपासणार?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या व्यवसायासंबंधी नवे नियम जाहीर केले आणि तीन आठवड्यांच्या आत ते स्थगित करून टाकले. औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहावे, हा त्यांतला सर्वांत वादग्रस्त भाग होता. गरीब रुग्णाला औषध स्वस्त मिळेल, असे एका बाजूचे म्हणणे. दर्जाची हमी नसलेली औषधे रुग्णाच्या गळ्यात मारली जातील, असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद काही नवा नव्हे. हाथी समितीने १९७५ मध्ये हाच प्रश्न मांडला होता आणि तेव्हाही दोन्ही बाजूंनी हीच भाषा ऐकू आली होती. परंतु या वेळच्या गदारोळात नियमांतील एका अपवादाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. ज्या औषधांच्या बाबतीत उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यातील अंतर अगदी थोडे असते, अशी औषधे या सक्तीतून वगळण्यात आली होती.

असा अपवाद का करावा लागावा? एकाच नावाच्या, एकाच वजनाच्या दोन गोळ्या जर सारख्याच असतील, तर अपवादाचे कारण उरत नाही. त्या सारख्या नसण्याचा संभव असेल, तर तो संभव कोठून उद्भवतो आणि तो दूर करण्यासाठी शासन काय करते, हे सांगायला हवे होते. तसे कोणी सांगितले नाही. नियम स्थगित झाले आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. तो किती गंभीर आहे हे पाहण्यासाठी रक्त गोठू न देणाऱ्या एका जुन्या, स्वस्त आणि लाखो लोक दररोज घेत असलेल्या औषधाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याचे नाव वॉर्फरिन.

या औषधाचा इतिहास ओलाव्यापासूनच सुरू होतो, हा एक मोठा योगायोग म्हणायचा. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांतांत गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे गवत ओलसर राहून बुरसले की ते खाणाऱ्या जनावरांचे रक्त गोठत नाही, हे पशुवैद्यांनी हेरले होते. कारण मात्र उमगत नव्हते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेले दुधाचे भांडे आणि बुरसलेले गवत घेऊन हिमवादळातून वाट काढीत मॅडिसनच्या विद्यापीठात आला. तेथे कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाशी त्याची गाठ पडली. लिंक आणि त्यांचे सहकारी यांनी सहा वर्षे खपून १९३९ मध्ये त्या गवतातील द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. गवतात स्वभावतःच असणाऱ्या कूमारिनचे बुरशीमुळे एका मारक द्रव्यात रूपांतर होत होते. त्याच कुळातील एक संयुग १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांच्या उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली. आयसेनहॉवर यांना अध्यक्षपदी असताना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले होते.

आपल्याकडे हे औषध घेणाऱ्यांत सगळेच वृद्ध आणि सुखवस्तू असतात असे नाही. लहानपणी घसा सुजून ताप येतो, सांधे दुखतात, त्याकडे दुर्लक्ष होते आणि पुढे हृदयाची झडप निकामी होते. हा विकार मुख्यतः गरिबांच्या घरचा आहे. झडप बदलणे हाच अखेरचा उपाय असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी कृत्रिम झडप तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात ती प्रथम एका रुग्णाला बसवली. परदेशी झडपेच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त असल्याने हे उपचार अनेकांच्या आवाक्यात आले. परंतु यांत्रिक झडप बसवली की रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्यात खंड चालत नाही. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. मात्रा जास्त झाली तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून रक्ताची वारंवार तपासणी करून ‘आयएनआर’ नावाचा आकडा पाहिला जातो. सामान्यतः तो दोन ते तीन यांच्या दरम्यान असावा लागतो, काही झडपांच्या बाबतीत थोडा अधिक. एवढ्याशा पट्ट्यात रुग्णाला ठेवायचे असते.

हा आकडा बिघडला की डॉक्टर काय विचारतात? पालेभाजी जास्त खाल्ली का, दुसरे एखादे औषध घेतले का, मद्य घेता का, गोळी चुकली का. हे प्रश्न रास्तच आहेत, कारण या औषधावर आहाराचा, इतर औषधांचा आणि आनुवंशिकतेचाही परिणाम होतो. पण गोळी कोणत्या कारखान्यातून आली, ती कशी तयार झाली आणि पावसाळ्याचे चार महिने कोठे पडून होती, हे कोणी विचारत नाही. रुग्णाला तर ते विचारण्यासारखे आहे याचीही कल्पना नसते.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. गोळीत वॉर्फरिनचे सोडियम लवण असते. ते दोन रूपांत मिळते. एकात कणांची रचना विस्कळित असते, त्याला अस्फटिक रूप म्हणतात. दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे रेणू स्फटिकाच्या जाळीत अडकून बसलेले असतात. वॉर्फरिनच्या दोन रेणूंमागे अल्कोहोलचा एक, असे प्रमाण, म्हणजे वजनाने आठ टक्क्यांच्या आसपास. अल्कोहोलमधून स्फटिक पाडले की अशुद्ध द्रव्ये मागे राहतात, म्हणून हे दुसरे रूप अधिक शुद्ध मानले जाते. पण ही जाळी नाजूक असते. हवेतील दमटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आत शिरते आणि अल्कोहोल बाहेर पडते. स्फटिकाची घडी मोडून तो अस्फटिक होऊ लागतो. उष्णतेने अल्कोहोल उडून जाण्याचा वेग वाढतो.

आता कारखान्यात काय घडते ते पाहा. एका गोळीत औषध असते एक ते पाच मिलिग्रॅम. बाकी सारा भार लॅक्टोज, स्टार्च आणि तत्सम पूरक द्रव्यांचा. एवढेसे औषध एवढ्या भुकटीत सारख्या प्रमाणात मिसळण्यासाठी पुष्कळदा मिश्रण पाण्याने भिजवून त्याचे दाणे पाडतात आणि मग ते गरम हवेत वाळवतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी स्फटिक मोडतो, त्या दोन्ही गोष्टी या पद्धतीत त्याच्या वाट्याला येतात. पाणी किती घातले, किती वेळ वाळवले, किती दाबाने गोळी ठोकली, यावर आतले अल्कोहोल किती उरते हे ठरते. कोरड्या भुकटीवरच दाब देऊन गोळी पाडली तर हा धोका टळतो, पण मग मिश्रण सारखे होण्याची चिंता वाढते. पूरक द्रव्यांपैकी एखादे आम्लधर्मी असेल आणि त्याला ओलावा मिळाला, तर आणखी एक घोटाळा होतो. सोडियम लवणाचे मूळ आम्लात रूपांतर होऊ लागते. लवण पाण्यात सहज विरघळते, आम्ल जवळजवळ विरघळत नाही.

यातली मेख अशी की या सर्व फेरबदलांत औषधाचे वजन फारसे घटत नाही. प्रयोगशाळेत गोळी कुटून आत वॉर्फरिन किती आहे असे मोजले, तर पाच मिलिग्रॅमच्या गोळीत ते जवळपास पाच मिलिग्रॅमच भरेल आणि गोळी प्रमाणित ठरेल. पोटात ती किती लवकर आणि किती प्रमाणात विरघळते, यात मात्र फरक पडलेला असेल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने चौदा रुग्णांचे बळी घेतले, तेव्हा लेंटिन आयोगासमोर सारे कारस्थान उघडे पडले; तेथे विष होते, ते विकणारे होते आणि डोळेझाक करणारेही होते. येथे कोणी खलनायक सापडणार नाही. कारखानदाराने मूळ द्रव्य चांगले वापरले असेल, तपासनिसाने आपले काम केले असेल आणि तरीही रत्नागिरीतल्या रुग्णाच्या हाती पडलेली गोळी बदललेली असू शकते.

मग नामांकित कंपनीचीच गोळी घ्यावी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये वॉर्फरिनच्या पहिल्या पर्यायी गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा ‘कूमाडिन’ या मूळ गोळीच्या उत्पादकांनी तिला राज्याराज्यांतून कडाडून विरोध केला. पुढे अमेरिकेत आणि कॅनडात तुलना झाल्या, त्यांत मान्यताप्राप्त पर्यायी गोळ्यांमुळे सरासरीने काही अनर्थ झाल्याचे दिसले नाही. उलट २०१० च्या जुलैमध्ये खुद्द कूमाडिनच्याच एक मिलिग्रॅमच्या काही गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. कारण काय, तर त्यांतील आयसोप्रोपिल अल्कोहोलचे प्रमाण पुढेमागे ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता आढळली. या गोळ्या रुग्णालयांसाठी आणि डॉक्टरांना नमुने देण्यासाठी केलेल्या पाकिटांतल्या होत्या. अल्कोहोल कमी झाले तर स्फटिकाचे प्रमाण बदलून औषधाचा परिणाम कमीअधिक होईल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. २०२० मध्ये तर उत्पादनातील अनपेक्षित अडचणीचे कारण देऊन त्या कंपनीने अमेरिका, कॅनडा आणि इतर काही देशांतून ही गोळी कायमचीच बंद केली. औषध सुरक्षित नाही किंवा गुणकारी नाही असे काही त्यामागे नव्हते. ज्यांनी पर्यायी गोळीच्या दर्जाबद्दल शंका घेतली, त्यांच्या गोळीलाही त्याच रसायनशास्त्राचे नियम लागू होते.

यातून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जो धडा घेतला तो लक्षात घेण्यासारखा आहे. नावाच्या भांडणात न पडता त्याने मोजमाप कडक केले. वॉर्फरिनच्या पर्यायी गोळीसाठी २०१२ च्या डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा निघाला. त्याच व्यक्तींना मूळ गोळी दोनदा आणि पर्यायी गोळी दोनदा देऊन केवळ सरासरी नव्हे, तर दर वेळचा चढउतारही ताडून पाहावा, असे त्यात सांगितले आहे. सर्वसाधारण गोळीत औषधाचे प्रमाण ९० ते ११० टक्के असले तरी खपवून घेतले जाते. अशा नाजूक औषधांत ते ९५ ते १०५ टक्क्यांत असावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. त्या प्रशासनाच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या पद्धतींनी गोळ्या बनवून, त्या दमट हवेत ठेवून, त्यांचे काय होते याचा अभ्यास केला आणि तो प्रसिद्धही केला.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ च्या दुरुस्तीनुसार उत्पादनाचा परवाना मागणाऱ्याने औषधाच्या स्थिरतेचा पुरावा सादर करणे आवश्यक झाले. कारखान्यांच्या कार्यपद्धतीविषयीचे ‘परिशिष्ट एम’ २०२३ च्या अखेरीस नव्याने काढण्यात आले आणि लहान व मध्यम उत्पादकांना त्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ देण्यात आली. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला अप्रमाणित नमुन्यांची यादी जाहीर करते. हे सारे स्वागतार्ह आहे. पण या चौकटीत आपल्या हवामानाचा विचार कितपत झाला आहे?

स्थिरतेच्या दीर्घकालीन चाचणीसाठी ‘परिशिष्ट वाय’मध्ये ३० अंश उष्णता आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता धरण्यात आली होती. समशीतोष्ण देशांत २५ अंश आणि ६० टक्के धरतात; त्या मानाने हे कडक आहे. परंतु अतिदमट प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ७५ टक्क्यांची वेगळी पायरी ठेवली आहे. मुंबईत किंवा सिंधुदुर्गात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हे कोणत्याही गृहिणीला मिठाच्या बरणीवरून सांगता येईल. तेच औषध मे महिन्यात चंद्रपूरला जाते तेव्हा पारा ४५ अंशांवर असतो. हिमाचलातील बद्दीच्या कारखान्यात निघालेली गोळी मालमोटारीतून, गोदामांतून, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानांतून हा सगळा प्रवास करते. सहा महिने ४० अंश आणि ७५ टक्के दमटपणात ठेवून घेतलेली जलद चाचणी काही अंदाज देते, हे खरे. पण ती बंद वेष्टनातल्या औषधाची असते. आपल्याकडे दुकानदार पट्टी कात्रीने कापतो, घरी गोळ्या डबीत काढून ठेवल्या जातात, आणि ती डबी देवघराच्या किंवा चुलीच्या शेजारी असते.

नवी औषधे आली म्हणून हा प्रश्न मिटला, असेही समजू नये. डॅबिगॅट्रान हे त्यांपैकी एक. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०११ मध्येच तेथील औषध प्रशासनाला एक सूचना काढावी लागली: कॅप्सूल मूळ बाटलीतच ठेवाव्यात, आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढू नयेत, कारण ओलाव्याने औषधाचे विघटन होते आणि त्याची शक्ती घटते. बाटलीच्या झाकणात ओलावा शोषणारे द्रव्य बसवलेले असते, आणि बाटली एकदा उघडली की चार महिन्यांत संपवायची असते. भारतात आता अनेक कंपन्या हे औषध करतात. नियमित रक्ततपासणीची गरज नाही, हा या नव्या औषधांचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण आहेच. पण वॉर्फरिनची गोळी निस्तेज झाली तर निदान आयएनआरचा आकडा चुगली करतो. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल दमट हवेने निस्तेज झाली तर ते सांगणारे कोणी नाही. सांगेल तो पक्षाघाताचा झटका. (यांत्रिक झडपेच्या रुग्णांना हे औषध चालत नाही, त्यांना वॉर्फरिन किंवा त्याचे भाऊबंद यांवाचून गत्यंतर नाही.)

तेव्हा शासनाने करायचे ते काय? औषधाच्या वजनाबरोबर त्याचा विरघळण्याचा वेग आणि वॉर्फरिनच्या बाबतीत स्फटिकाचे व अल्कोहोलचे प्रमाण तपासल्याशिवाय अशा गोळीला प्रमाणित म्हणू नये. नमुने कारखान्याच्या दारात नव्हे, तर पावसाळ्याच्या अखेरीस कोकणातल्या दुकानांतून आणि मुदत संपत आलेल्या पट्ट्यांतून घ्यावेत. परवान्यासाठी दाखल केलेली स्थिरतेची आकडेवारी गोपनीय का असावी, हे समजण्यापलीकडचे आहे; औषध कोणत्या हवेत किती काळ टिकते यात व्यापारी गुपित कसले? सरकारी रुग्णालयांच्या खरेदीचाही येथे संबंध येतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला कंत्राट, या न्यायाने दर वेळी पुरवठादार बदलला की झडपेच्या रुग्णाची गोळी त्याच्या नकळत बदलते. निदान अशा मोजक्या औषधांसाठी दीर्घ मुदतीचे कंत्राट आणि दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी यांची अट घालायला फारसा खर्च येणार नाही. वॉर्फरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. किंमत ठरवताना चांगल्या वेष्टनाचे चार पैसे त्यात धरले नाहीत, तर उत्पादक ते कोठून तरी वाचवणारच.

कारखानदार म्हणतील, इतक्या चाचण्या लहान उद्योगाला झेपणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो उडवून लावता कामा नये. पण त्यावरचे उत्तर चाचणी वगळणे हे नाही. गाझियाबादची भारतीय औषधकोश संस्था आणि राज्यांच्या प्रयोगशाळा यांनी अशा दहावीस औषधांपुरती ही सोय वाजवी शुल्कात उपलब्ध करून द्यावी. प्रत्येक लहान कारखान्याने स्वतंत्र यंत्रसामग्री उभारण्याची मग गरज उरणार नाही.

हे सर्व होईपर्यंत रुग्णांनी आणि डॉक्टरांनी काही गोष्टी स्वतःच पाळायला हव्यात. गोळी घेण्याच्या वेळीच पट्टीतून काढावी, कापलेली पट्टी घेऊ नये, औषध स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवू नये. पट्टीवरचे उत्पादकाचे नाव बदललेले दिसले, तर आठवड्या-दोन आठवड्यांत आयएनआर तपासून घ्यावा आणि तपासणीच्या वहीत त्या नावाची नोंद करावी. तालुक्याच्या गावी ही तपासणी आजही अनेक ठिकाणी होत नाही. त्यासाठी रुग्णाला एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. आरोग्य खात्याने या रक्ततपासणीची सोय प्रथम ग्रामीण रुग्णालयांपर्यंत न्यावी. त्या वह्यांतील नोंदी पाचसहा वर्षे साठल्या, तर कोणत्या कारखान्याची गोळी आपल्या पावसाळ्यात टिकते हेही त्यांतून कळू शकेल.